स्पोर्ट्स कारची बॅटरी बदलताना: आधी गाडी झोपू द्या, मग पाना लावा

साताऱ्यात हायवेला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. वर्षभर ट्रॅक्टर, पिकअप, ऊसवाल्यांचे ट्रक असंच चालतं. पण कासची फुलं सुरू झाली की पुण्या-मुंबईकडच्या बुटक्या, दोन सीटांच्या गाड्या यवतेश्वरचा घाट चढायला लागतात आणि त्यातली एखादी परतताना दारात येऊन उभी राहते. आता तर कराड-फलटणकडच्या पोरांनीही सेकंडहँड पोर्शची बॉक्स्टर, ऑडीची टीटी, बीएमडब्ल्यूची झेड-फोर घेतल्यात. गाडी आठवडा-आठवडा पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवायची, रविवारी बाहेर काढायची. अशा गाडीची बॅटरी लवकर बसते. मग मालक स्वतः बदलायला जातो किंवा गल्लीतल्या गॅरेजात नेतो, आणि बॅटरी नवी टाकल्यावर डॅशबोर्डवर दिवाळी लागते. एबीएसची लाइट, एअरबॅगची लाइट, काचा अर्ध्यात अडकलेल्या.

हे टाळणं अवघड नाही. एकच गोष्ट पक्की समजून घ्या: अशा गाडीला पूर्ण अंधार चालतो, मिणमिणतं चालत नाही. करंट पूर्ण गेला तर आतले कॉम्प्युटर शांत बंद होतात, पुन्हा आला की शहाण्यासारखे उठतात. पण करंट आला-गेला-आला-गेला झालं, किंवा व्होल्टेज निम्म्यात लोंबकळलं, की ते गोंधळतात आणि खोट्या तक्रारी लिहून ठेवतात. खाली सांगितलेली जवळपास प्रत्येक काळजी याच कारणासाठी आहे.

बॅटरीच गेलीय का, ते मोजा

एक साधा डिजिटल मीटर घ्या. गाडी रात्रभर बंद उभी असू द्या आणि सकाळी काही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. एजीएम जातीची बॅटरी (ती काय, ते पुढे सांगतो) थोडी वर, १२.८ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली म्हणजे मेलेली नव्हे. आधी चार्जरवर पूर्ण भरा, काही तास तशीच राहू द्या, आणि मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून मीटरकडे बघा. भरलेली असूनही सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी बदलायची वेळ आली.

इंजिन चालू करून पण एकदा मोजा. साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. अलीकडच्या गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच कमी-जास्त करतो, तेव्हा थोडं कमी दिसलं तर घाबरू नका, हेडलाइट आणि एसी लावून परत बघा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. आमच्या उस्तादांनी आम्हाला डिझेल जीपवर शिकवलं होतं की इंजिन चालू ठेवून मायनसचा टर्मिनल काढायचा, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला. त्या जीपला कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ते खपून गेलं. मी तीच सवय एका पेट्रोल गाडीवर वापरली. टर्मिनल सुटला त्या क्षणी मीटरचे काटे एकदा सगळे वर उडाले आणि गाडी जागेवर गप्प झाली. बॅटरी हा अल्टरनेटरचा बांध असतो. बांध एकदम काढला की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि समोर जे नाजूक असेल ते जाळतं. त्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मी माझ्या खिशातून भरून दिला. आजही जिल्ह्यातल्या कितीतरी गॅरेजांत ही तपासणी अशीच होते. तुमच्या गाडीवर कोणी तसं करायला लागला तर त्याचा हात धरा.

बॅटरी ठीक आहे आणि तरी आठवड्यात उतरते, असं असेल तर करंट लीक आहे का बघावं लागतं. गाडी लॉक करून झोपली की तिचा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. हिशेब करा: ४० मिलिअँपिअर खाणारी धडधाकट गाडीसुद्धा दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर खाते. म्हणजे ६० अँपिअर-अवरची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत निम्मी रिकामी होते, यात कोणाचा दोष नाही. पण नंतर बसवलेला कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर किंवा ॲम्प्लिफायर असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या. तो न काढता नवी बॅटरी टाकली तर तीही सहा महिन्यांत त्याच वाटेने जाते.

कोणती बॅटरी आणायची

जुन्या बॅटरीवरचं लेबल फोटो काढून दुकानात न्या. चार गोष्टी जुळायला हव्यात: माप, प्लस कुठल्या बाजूला, अँपिअर-अवर आणि जात. युरोपियन गाड्यांत मापं ठरलेली असतात. रुंदी १७५ आणि उंची १९० मिलिमीटर तीच राहते, लांबी बदलते: एच-५ ची २४२, एच-६ ची २७८, एच-७ ची ३१५, एच-८ ची ३५३. एक माप लहान बसवून खाली लाकडाची फळी ठोकलेली मी पाहिलीय. घाटातल्या वळणावर अशी बॅटरी सरकते आणि प्लस बॉडीला टेकतो.

जात म्हणजे एजीएम आहे का साधी, ते. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत मुरवून ठेवलेलं असतं. तिचं चार्जिंग गाडीने त्या हिशेबाने ठरवलेलं असतं. एजीएमच्या जागी स्वस्तातली साधी टाकू नका. पाच-सहा हजार वाचवण्याच्या नादात आतलं पाणी उडत राहतं आणि बॅटरी डिकीत असेल तर वास थेट केबिनमध्ये. लिथियमचाही कोणी आग्रह करेल. पोर्शने २०१० पासून काही मॉडेलना लिथियमची हलकी बॅटरी पर्याय म्हणून दिली, ती सहा किलोच्या आत भरते, साध्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून हलकी. पण ती त्या गाडीसाठी बनवलेली. आपल्या गाडीत कंपनीने दिली नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात मीटर घेऊन जा आणि नवीन बॅटरी तिथेच मोजा. १२.५ च्या खाली असेल तर ती बरेच दिवस रॅकवर पडलेली आहे, दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका.

पाना हातात घेण्याआधी

सगळा खेळ इथे आहे, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

पहिलं, बॅटरी कुठेय ते शोधा. स्पोर्ट्स कारमध्ये वजन सारखं विभागलं जावं म्हणून ती नको तिथे बसवलेली असते. बॉक्स्टरमध्ये पुढच्या डिकीत, काचेच्या जवळ प्लास्टिकच्या झाकणाखाली. झेड-फोरमध्ये मागच्या डिकीत. काही मर्सिडीजमध्ये दोन असतात, सेल्फची वेगळी आणि बाकी गाडीची वेगळी. मॅन्युअल उघडून नक्की करा.

दुसरं, डिकी. या गाड्यांची डिकी पुष्कळदा विजेवर उघडते. बॅटरी काढलेली असताना ती चुकून बंद झाली की चावी आत आणि तुम्ही बाहेर. म्हणून डिकी उघडली की लॅचच्या खोबणीत जाड फडकं कोंबायचं. मी जुन्या टॉवेलचा तुकडा पाळूनच ठेवलाय, त्याला काळं ग्रीस लागून लागून तो आता ताठ झालाय, पण त्याच्यामुळे एकही डिकी माझ्याकडे परत अडकली नाही.

आणि बॅटरी आधीच मेलेली असून डिकी उघडतच नसेल तर? २००५ नंतरच्या बॉक्स्टरमध्ये पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारा प्लसचा पॉइंट दिलेला आहे. दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस त्याला लावायचा, मायनस दाराच्या लॉकच्या उघड्या लोखंडाला, आणि मग रिमोटने उघडायचं. अलार्म वाजेल, रिमोटचं बटण दाबलं की थांबतो. तो पॉइंट फक्त डिकी उघडण्यापुरता आहे, त्याच्यावर सेल्फ मारायचा नाही, तारा तेवढ्या जाड नसतात.

तिसरं, काचा. बिनफ्रेमच्या दारांची काच दार उघडताना सेंटीमीटरभर खाली येते आणि दार लागल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढल्यावर ती खाली येणार नाही, आणि तुम्ही दार ओढलं की काच रबर ओरबाडेल. म्हणून दोन्ही काचा आधीच चार बोटं खाली करून ठेवा. छत उघडणारं असेल तर ते पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडं ठेवा, मध्येच नको.

चौथं, रेडिओचा कोड. जुन्या गाड्यांत करंट गेला की रेडिओ कोड मागतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर कोडचं कार्ड आधी शोधा, नंतर पळापळ नको.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाडी झोपू द्या. इग्निशन बंद, सगळे दिवे बंद, चावी गाडीपासून लांब घरात. किल्ली खिशात असेल तर काही गाड्या तिला ओळखून जाग्याच राहतात. मग अर्धा तास थांबा. चहा घ्या. या वेळात आतले कॉम्प्युटर एकेक करून आपली पाटी पुसून बंद होतात. अर्ध्या जाग्या गाडीचा टर्मिनल काढला तर ते लिहिता लिहिता तुटतात, आणि नंतर स्कॅनरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तक्रारी वाचणाऱ्या यंत्रावर, जी लांबलचक यादी निघते ती तिथून येते.

करंट न तोडता बॅटरी बदलायची म्हणून काही जण ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटला छोटी बॅटरी जोडून ठेवतात. नव्या माणसाने हे करू नये. प्लसचा क्लॅम्प सुटा असतानाही जिवंत असतो, तो बॉडीला एकदा टेकला की फ्यूज उडतो किंवा त्याहून वाईट. घड्याळ पुन्हा लावावं लागलं तर लागू द्या.

काढणं

हातातली अंगठी, मनगटातलं कडं आणि घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा. बहुतेक टर्मिनलना १० चा पाना लागतो, खालच्या पट्टीला बऱ्याचदा १३ चा. पान्याची मागची दांडी इन्सुलेशन टेपने गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा.

आधी मायनस. नेहमी मायनस. कारण सांगतो: गाडीची सगळी बॉडी म्हणजे मायनस. मायनस जोडलेला असताना प्लसचा नट फिरवला आणि पाना जरा घसरून पत्र्याला लागला, तर अख्ख्या बॅटरीची ताकद त्या पान्यातून जाते. पाना चिकटतो, लाल होतो. मायनस आधी सुटला असेल तर तोच पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही.

मायनसच्या टर्मिनलवर बोटभर जाडीचा प्लास्टिकचा डबा आणि बारीक तार दिसली तर तो बॅटरी सेन्सर, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा. नट ढिला करा आणि टर्मिनल सरळ वर उचला. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, तो सेन्सर मुरगळला की फुटतो. बीएमडब्ल्यूच्या प्लसच्या टर्मिनलवर अपघातात करंट तोडणारी छोटी स्फोटक पुडी असते, त्याच्यावर हातोडी तर सोडाच, पक्कडही आपटू नका. मायनस निघाला की त्याला फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा, म्हणजे तो आपोआप परत टेकणार नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, एअरबॅगच्या यंत्रातला शिल्लक करंट उतरतो. मग प्लस.

डिकीतल्या बॅटरीला बाजूने एक पातळ नळी असते, गॅस बाहेर सोडणारी. ती हळूच काढा आणि ती कुठे होती याचा फोटो घ्या. मग खालची पट्टी खोला आणि बॅटरी उचला. एजीएमची वीस किलोंच्या पुढेही जाते, डिकीत वाकून एकट्याने उचललीत तर कंबर धरेल. दोघे जण लावा.

जागा मोकळी झाली की ट्रे बघा. पांढरं-हिरवं पीठ जमलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, फसफसणं थांबलं की पुसून कोरडं करा. बॉक्स्टरसारख्या गाडीत बॅटरीच्या कडेला पावसाचं पाणी वाहून जायची भोकं असतात. महाबळेश्वर-कासच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे पानांचा लगदा गच्च बसतो आणि पाणी वायरिंगमध्ये शिरतं. बॅटरी बाहेर आहे तोवर ती भोकं साफ करा, परत इतक्या सहज हात पोचणार नाही.

बसवणं

बॅटरी ठेवा, पट्टी आवळा, हलवून बघा, अजिबात हलता कामा नये. गॅसची नळी लावा. ही विसरली तर चार्जिंगच्या वेळचा हायड्रोजन डिकीत साठतो. नवीन बॅटरीला नळीचं भोक दोन्ही बाजूंना असेल तर दुसऱ्याला तिच्याबरोबर आलेलं बूच लावा.

आता आधी प्लस, मग शेवटी मायनस.

मायनस लावण्याची पद्धत नीट वाचा. क्लॅम्प पुरेसा उघडा आहे का आधी बघा, त्याचं तोंड बॅटरीच्या खुंटीवर अलगद मापा, पण टेकवू नका. मग एका दमात खाली दाबा आणि धरून ठेवा, दुसऱ्या हाताने नट आवळा. दाबताना बारीक ठिणगी दिसेल, चट् असा आवाज येईल. तो नॉर्मल आहे, आतले कपॅसिटर भरतात. ती ठिणगी बघून हात मागे घेतला, परत टेकवला, परत घेतला, की तेच ते मिणमिणणं सुरू झालं. मी नव्या पोरांना जुन्या बॅटरीवर दहा वेळा हे करायला लावतो, हाताला विश्वास आल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावू देत नाही.

नट घट्ट, पण जिवापाड नको. शिशाची खुंटी मऊ असते, जास्त आवळली की दबते. टर्मिनल हाताने फिरत नसेल तेवढं बस्स. वर थोडं व्हॅसलीन चोपडा.

पहिली किल्ली

लगेच सेल्फ मारू नका. इग्निशन चालू करा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, मिनिटभर थांबा. पुष्कळ गाड्या या वेळात थ्रॉटलची, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेची, जागा नव्याने शिकतात. बंद करा, दहा सेकंद थांबा, मग स्टार्ट करा. पहिली काही मिनिटं आयडलिंग वर-खाली होईल, होऊ द्या.

ईएसपीची (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) किंवा स्टीअरिंगची पिवळी लाइट लागली असेल तर घाबरू नका. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा आणि सरळ मोकळ्या रस्त्यावर थोडं हळू चालवा. बहुतेक वेळा लाइट जाते. काचांसाठी प्रत्येक बटण काच वर जाईपर्यंत ओढा आणि वर पोचल्यावर आणखी चार-पाच सेकंद धरून ठेवा. काच दार उघडताना पुन्हा खाली यायला लागली की झालं.

यानंतर अलीकडच्या गाड्यांत एक काम उरतं, आणि ते घरी होत नाही. बीएमडब्ल्यू, ऑडी, नव्या पोर्श यांना बॅटरी नवी टाकली हे स्कॅनरवरून सांगावं लागतं, त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. गाडी बॅटरीचं वय धरून चार्जिंग ठरवते. सांगितलं नाही तर ती नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करत राहते, आणि नव्या बॅटरीचं आयुष्य विनाकारण कमी होतं. अँपिअर-अवर किंवा जात बदलली असेल तर तेही नोंदवावं लागतं. स्कॅनर आहे का एवढंच विचारू नका, तुमच्या मॉडेलचं बॅटरी रजिस्ट्रेशन त्यात होतं का ते विचारा. त्याच वेळी स्कॅनरवरून तक्रारींचे जुने कोड काढून टाका, दोन दिवस गाडी चालवा आणि परत स्कॅन करा. परत जो कोड येईल तोच खरा आजार.

रस्त्यात बंद पडली तर

खंबाटकीच्या चढावर किंवा कासच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की मदतीला माणसं धावतात, आपल्या भागाचा हा मोठेपणा आहे. पण ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते. ट्रकवाल्याला नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्या कारवरूनच जंप घ्या: प्लसला प्लस, आणि मायनसची शेवटची चिमटी तुमच्या बॅटरीवर नव्हे, इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला. बॅटरी मागच्या डिकीत असेल तर बहुधा बॉनेटखाली जंपसाठी वेगळे पॉइंट दिलेले असतात, ते वापरा. घरी चार्जर लावतानाही सेन्सरवाल्या गाडीत मायनस बॉडीलाच लावा, म्हणजे आत गेलेला करंट सेन्सरच्या हिशेबात येतो.

गाडी महिना-महिना उभी राहत असेल तर एजीएम चालणारा मेंटेनर चार्जर घ्या, तो लावून ठेवला की भरली की थांबतो, उतरली की भरतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका आणि ओढ्यात तर टाकूच नका, शिसं आणि ॲसिड दोन्ही विहिरीत उतरतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करून घेणं ही बनवणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी आहे. नवी घेतली त्याच दुकानात परत द्या, जुनीचे पैसे बिलातून कमी होतात.

सगळं झाल्यावर बॅटरीच्या डोक्यावर मार्करने आजची तारीख लिहा. उद्या सकाळी, गाडीला हात लावण्याआधी, मीटर लावून आकडा बघा आणि तोही तिथेच खाली लिहून ठेवा.